चहा संपायच्या आत

पक्कड सकाळपासून हात धूत होती. आधी रॉकेल, मग कपड्यांचा साबण, मग अंगाचा साबण, मग लिंबाची साल. एवढा खटाटोप करून नखांच्या कडेची काळी रेघ होती तिथेच. असणारच. आठव्या वर्षी तिने पहिला बोल्ट सोडवला तेव्हापासून ती रेघ तिथे मुक्कामाला होती. आता पन्नाशीच्या दारात उभं राहून एका सकाळीत तिला जा म्हटलं, तर ती बरी जाईल. पण एकदा धरलं की सोडायचं नाही, म्हणून तर घरात तिला हे नाव पडलं होतं. दात घासायचा जुना ब्रश घेऊन पक्कड पुन्हा बेसिनवर वाकली.

कारणही तसंच होतं. आज मास्तर येणार होते, आणि आज ती घरात सांगणार होती की मी मास्तरांशी लग्न करतेय आणि त्यांच्याकडे राहायला जातेय.

मास्तर म्हणजे विमान उडवायला शिकवणारे मास्तर. लांबच्या एका लहानशा धावपट्टीवर त्यांची शाळा, शाळेत विमान एकच, तेही जुनं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. पक्कडीच्या घरच्या आवारात जुनी विमानं मोडून त्यांचे भाग विकले जात; मास्तरांनी तिथे पहिल्यांदा फोन केला तो पेट्रोलच्या टाकीच्या झाकणासाठी. पक्कडीने झाकण धाडलं आणि नीट बसलं का म्हणून उलट फोन केला. मग चाक झालं, मग दार, मग उंची दाखवणारं घड्याळ. शेवटी शेवटी तर मास्तर न मोडलेल्या भागांचीही चौकशी करायला लागले. विमानाच्या नाकावरचा पंखा द्यायची वेळ आली तेव्हा मात्र ट्रकवर भरवसा नको म्हणून ती स्वतः बरोबर गेली आणि दिवसभर तिथेच राहिली. परत आल्यावर रस्ता खराब होता एवढंच तिने घरी सांगितलं.

रस्ता खराब नव्हता. खराब होती ती तिची सवय. जे सांगायचं ते ती उद्यावर ढकलायची, आणि थोरल्या भावापुढे, दादापुढे, तर तिच्या तोंडाला कुलूपच लागायचं. याआधी दोनदा तिच्यासाठी विचारणा झाली होती, आणि दोन्ही वेळा थोरल्या दादाने परस्पर नकार कळवला होता. वाईट हेतूने नव्हे. आई गेली, त्याच वर्षी भागांच्या कोठाराला आग लागली, आणि राखेतून एकेक भाग वेचून, पुसून, फळ्यांवर लावून ते कोठार पुन्हा उभं केलं ते या बाईने. पक्कड गेली तर आवार बंद, असं दादा म्हणायचा आणि त्याला ते शंभर टक्के खरं वाटायचं. दादाच्या मनाविरुद्ध तिने आजवर या आवारातली एक फळीसुद्धा हलवली नव्हती. तुम्ही या, त्यांना तुम्हाला पाहू दे, असं तिने मास्तरांना फोनवर सांगितलं होतं. आणि नाही म्हणाले तर, असं मास्तरांनी विचारलं, तेव्हा तिने टाकीच्या झाकणाचा विषय काढला होता.

आता इथे चहाचा नियम सांगायला हवा, नाहीतर त्या दिवशी जे झालं ते कुणाला पटायचं नाही.

थकलेली छोटी विमानं या आवारात शेवटचं उडून येत. शेजारच्या धावपट्टीवर उतरायचं आणि चाकांवर चालत आवाराच्या फाटकातून आत. मालक खाली उतरला की त्याचे पाय जड व्हायचे. वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, उमेदीच्या काळात एका मालकाने विमानाच्या नाकावरून हात फिरवता फिरवता विचार बदलला, परत चढला आणि गेला उडून. महिन्याभराने ते विमान ट्रकमधून आलं आणि मालक कुबड्यांवर. तेव्हापासून अप्पांनी नियम घालून दिला. मालक उतरला की त्याला घरात न्यायचं, चहा द्यायचा, आणि तो चहा संपवून उठायच्या आत पंखा उतरलेला असला पाहिजे. पंखा नसलेलं विमान पाहिलं की माणूस समजून घेतो. शिवाय मालकाला विमानाबद्दल एक अक्षर विचारायचं नाही. ज्याचं जवळचं कुणी गेलंय त्याला आपण खोदून खोदून विचारतो का? कागदपत्रं, सह्या, देणंघेणं सगळं नंतर, तो सावरला की.

चहाचं खातं पूर्वी आईकडे होतं, आता थोरल्या वहिनीकडे. वहिनीचे कप मोठे, किटली त्याहून मोठी, आणि मालकाची खुर्ची खिडकीकडे पाठ करून. समोरच्या माणसाला तोंड उघडू न देता त्याचं सगळं ऐकून घेतल्यासारखं करणं ही विद्या वहिनीकडे होती. तिच्यासमोरून अर्ध्या तासाच्या आत कुणी उठला, असं घरात कुणाला आठवत नव्हतं.

आणि नेमका त्या दिवशी अप्पांचा वाढदिवस. एरवी ट्रक घेऊन महिन्यातले निम्मे दिवस बाहेर असणारा धाकटा भाऊही घरी होता. नाश्त्याला वहिनीने अप्पांना काय हवं ते विचारलं. नजर अधू झाल्यापासून दादाने अप्पांच्या हातातली हत्यारं काढून घेतली होती. त्यावरून बापलेकांत बरेच दिवस अबोला होता. अप्पा म्हणाले, मला एक पंखा उतरवायचाय. शेवटचा. दादाने बराच वेळ चहा ढवळला आणि, ठीक आहे, पण मी बाजूला उभा राहणार, म्हणाला. आणि तेव्हाच, अगदी तेव्हाच, पक्कड बोलून गेली की साडेदहाच्या सुमाराला एक विमान उतरेल, त्याचं मी बघते.

अप्पांचा चेहरा असा काही उजळला की पुढचं वाक्य तिच्या घशातच राहिलं. ते विमान पाहुण्यांचं आहे, हे सांगायला तिने तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात धाकट्याने केक आणला आणि सगळे बोलायला लागले. सांगू मग, असं म्हणून ती हात धुवायला गेली.

साडेदहाला इंजिनाचा आवाज आला तेव्हा हातांचं आवरून ती कपड्यांवर आली होती. रोजची कामाची डांगरी खुंटीला टांगून, दोन वर्षांपूर्वी घेतलेला आणि अजून घडी न मोडलेला निळा ड्रेस. त्याची बटणं पाठीवर. बोल्ट डोळे मिटून सोडवणाऱ्या बाईला स्वतःच्या पाठीवरची बटणं लावता येईनात. आवाज जवळ आला, फाटकातून आत आला, थांबला. आले, असं ती आरशाला म्हणाली आणि खालून दुसऱ्या बटणाशी झगडायला लागली. वहिनी त्यांना आत घेईल, चहा देईल, तोवर आपण जाऊच.

मग तिने एक आवाज ऐकला. टिच्. मग परत टिच्. बोल्ट हलू नयेत म्हणून त्यांच्या डोक्यांतून तार ओवलेली असते, ती कापल्याचा आवाज. दुसऱ्या कुणाला तो कळलाही नसता; पक्कडीने बटण सोडून दिलं. त्याआधी सिमेंटवर काहीतरी घुमत घुमत टेकलं होतं, ती पंख्याच्या मधली गोल टोपी होती, हे सांगायला आता तिला खिडकीपाशी जायची गरज नव्हती. ती अनवाणीच धावली. पाठीवरची तीन बटणं उघडीच राहिली.

तिला उशीर झाला होता. पंखा दोन लाकडी घोड्यांवर, घरातली सगळ्यात जाड चादर अंथरून, ऐटीत आडवा पडला होता. शेजारी अप्पा सहाही बोल्ट ओंजळीत धरून उभे होते आणि हसत होते. इतकं मोकळं हसताना तिने त्यांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

"पोरी, हात विसरला नाही गं," अप्पा म्हणाले. "एकदाही चाचपडलो नाही. विचार दादाला."

दादाने मान हलवली, पण त्याचं लक्ष दुसरीकडे होतं. तो पंख्याच्या मधोमध बोट ठेवून काहीतरी निरखत होता. पलीकडे धाकट्याने नेहमीच्या सवयीने एक दार काढून भिंतीला टेकवलं होतं आणि त्याच्यापुढे उकिडवा बसून तोही काहीतरी निरखत होता.

या आवारातून जो चांगला भाग बाहेर जाई, त्याच्यावर हिरव्या रंगाचा एक ठिपका असे. पक्कं तपासलंय, बिनधास्त बसवा, असा त्याचा अर्थ. ज्याने तपासलं त्यानेच ठिपका लावायचा, दुसऱ्याने लावायचा नाही, हीही अप्पांचीच शिस्त. आगीनंतर ठिपके पक्कडीचे.

"ताई, हे दार आपलंच आहे," धाकटा म्हणाला. "ठिपका आहे बघ."

"पंखापण आपलाच," दादा म्हणाला.

धाकट्याने वाकून पाहिलं. चाक आपलं. टाकीचं झाकण आपलं. आत डोकं घालून त्याने उंचीचं घड्याळ पाहिलं, मग कंपास पाहिला, आणि बाहेर येऊन डोकं खाजवलं. एवढं आपलं सामान घेऊन हा गृहस्थ ते आपल्यालाच परत द्यायला का आलाय, हे त्याच्या डोक्यात शिरेना.

पक्कडीने एक श्वास घेतला. सकाळी जे सांगायला दहा शब्द पुरले असते त्याला आता पंखा, दार आणि अप्पांचं हसू आडवं आलं होतं.

"ते द्यायला आलेले नाहीत," ती म्हणाली. "ते मास्तर आहेत. फोनवरचे. मला भेटायला आलेत. म्हणजे तुम्हाला भेटायला, माझ्यासाठी."

 अप्पांच्या ओंजळीतून एक बोल्ट निसटला आणि लोळत लोळत दादाच्या बुटापाशी जाऊन थांबला.

पहिला हसला तो धाकटा. आधी नाकातून, मग खांद्यातून, मग दाराला धरून खालीच बसला. अप्पांनी कपाळावर हात मारला खरा, पण हसू त्यांनाही आवरेना. दादा तेवढा हसला नाही. त्याने बोल्ट उचलला, पुसला आणि अप्पांच्या हातात परत दिला.

घरात मास्तरांचा चौथा कप चालू होता. झालं होतं ते असं. विमानातून उतरल्यावर मास्तरांची पाचावर धारण बसलेली, चेहरा उतरलेला. वहिनीने ओळखलं की गड्याचा विमानावर फार जीव दिसतो. तिने त्यांना हाताला धरून आत नेलं आणि खुर्चीत बसवलं. आमच्या घरात वहिनीचं मन सांभाळा, ती देईल ते नाही म्हणू नका, असं पक्कडीने मास्तरांना फोनवरून बजावलेलं. त्यामुळे ते पीत गेले आणि ती ओतत गेली. बाहेर खुडबुड ऐकू येत होती; विमान सावलीत घेत असतील, किती अगत्याची माणसं, असं मास्तरांना वाटत होतं.

पक्कड दारात आली तेव्हा ते ताडकन उठले. तिला निळ्या कपड्यांत त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पाठोपाठ घरचे सगळे आत आले, धाकट्याने खिडकीकडे बोट दाखवलं, आणि मास्तरांनी मागे वळून आपलं विमान पाहिलं. पुढे पंखा नाही, उजवीकडे दार नाही.

 हा माणूस आता रागावला तर रागवायचा त्याला पूर्ण हक्क आहे, आणि दादाला तेवढं निमित्त पुरेल. मास्तर खिडकीपाशी गेले. वळले तेव्हा त्यांच्या डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या होत्या.

"मला वाटलं होतं, तुम्ही मला हाकलून द्याल," ते म्हणाले. "तुम्ही तर माझी जायची सोयच काढून घेतलीत."

वहिनीने तोंडाला रुमाल लावला. ती कोणाच्या बाजूची, हे त्याच क्षणी ठरलं. पुढे तिने ते लपवलंही नाही. तिने आधी पक्कडीला भिंतीकडे वळवलं आणि पाठीवरची बटणं लावली. वन्सं, एवढं मोठं सांगायचं आणि मलाही नाही सांगितलंत, असं ती कानात म्हणाली, आणि शेवटचं बटण लावताना तिने पाठीवरून जो हात फिरवला त्याने पक्कडीच्या डोळ्यांत पाणी आलं.

अप्पा तोवर मास्तरांचा हात धरून त्यांना बाहेर घेऊन गेले होते. त्यांनी विमानाला नाकापासून शेपटीपर्यंत बोटांनी वाचून काढलं. बिजागरी दाबून पाहिली, चाक फिरवून कान लावला, दाराची कड अंगठ्याने तपासली. हे दार, अप्पा सांगत गेले, एका निळ्या विमानाचं, त्याच्याइतकं घट्ट मिटणारं दार पुन्हा आलंच नाही. हे चाक एका पाद्रीबुवांच्या विमानाचं, जपून वापरलेलं. पंखा तर विचारूच नका, त्याच्यासाठी तीन गिऱ्हाइकं थांबली होती आणि पक्कडीने त्यांना गेला म्हणून सांगितलं होतं. सगळी फेरी मारून अप्पा तिच्यापुढे येऊन उभे राहिले.

"आपल्याकडे आलेलं सगळ्यात चांगलं तू या माणसाकडे धाडलंस," ते म्हणाले. "इतकी वर्षं. आणि आम्हाला वाटायचं, टाकीचं झाकण गेलं."

"हो, अप्पा," पक्कड म्हणाली. आता कुलूप निघालंच होतं, तेव्हा तिने बाकीचंही सांगून टाकलं. लग्न करायचंय. तिकडे राहायला जायचंय. तिथे एकच विमान आहे, पण ते उडतं. आणि उडणारं काहीतरी सांभाळायची तिला इच्छा आहे. बोलताना तिचा आवाज थरथरला नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

अप्पांनी तिला जवळ घेतलं. धाकटा म्हणाला, बेस्ट, मी तर म्हणतो आजच उरकून टाका. वहिनी म्हणाली, बघा, घरात एकाला तरी अक्कल आहे. तेव्हा कुठे दादाने तोंड उघडलं. कोठार कोण बघणार, एवढंच त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट बघत धाकट्याकडे पाहिलं.

धाकट्याचं हसू हळूहळू मावळलं. त्याला ट्रक प्रिय, रस्ता प्रिय. फळ्यांमध्ये दिवसभर बसणं म्हणजे त्याला शाळेत कोंडल्यासारखं. तो म्हणाला, तसं घाई करण्यात अर्थ नाही, गाडी काही सुटत नाहीये, वर्षभर थांबायला काय हरकत आहे. दोन मिनिटांपूर्वी आजच उरकणारा हा गडी आता वर्षभराची गोष्ट करतोय हे पाहून वहिनीने त्याच्या हातातला केकचा तुकडा काढून घेतला. कोठार मी बघेन, ती म्हणाली. वन्संनी फोनवरून अख्खं विमान विकलं, तर फोनवरून मला फळ्या दाखवायला त्यांना काय धाड भरलीय.

दादाने बायकोकडे असं पाहिलं की ही आपल्याच घरात राहते का याची त्याला शंका आली असावी. त्याने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आधी यांचं विमान नीट करू, म्हणाला, आणि बाहीचं बटण सोडायला लागला.

आता इथे खरी गंमत झाली. पंखा उतरवण्यात या घरातलं लहान मूलही उस्ताद. पण चढवायचा कसा? या आवारात उतरलेला पंखा पुन्हा त्याच विमानावर कधी चढलाच नव्हता. अप्पा, दादा, धाकटा, तिघे बोल्टांभोवती उभे राहून एकमेकांकडे पाहत राहिले. मास्तरांकडे विमान तपासून उडायला योग्य म्हणून सही करायचा परवाना होता. शाळेचं विमान ते स्वतःच तपासत. त्यांनी आपल्या पिशवीतून ठरावीक जोर आला की टक् आवाज करणारा लांब पाना काढला आणि तो पक्कडीपुढे धरला.

"सही माझी," ते म्हणाले. "आवळायचे तुम्ही. मागच्या वेळीही तुम्हीच आवळले होते."

म्हणजे त्या खराब रस्त्याच्या दिवशी, असं धाकटा पुटपुटला.

पक्कडीने आपल्या हातांकडे पाहिलं. गुलाबी झाले होते बिचारे घासून घासून. मग तिने निळ्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि पाना घेतला.

पंखा धरायला दादा पुढे आला. तो खांद्यावर तोलून बसवून धरायचा असतो, जराही हलून चालत नाही, आणि आवळणाऱ्याचं डोकं धरणाऱ्याच्या छातीशी येतं. लहानपणी पहिला बोल्ट सोडवतानाही ती दोघं अशीच उभी होती, तेव्हा दादाने तिच्या पायाखाली डबा ठेवला होता. त्याच्या श्वासाचा आवाज तिला ऐकू येत होता. तो काहीतरी बोलायला तोंड उघडतोय, हे तिला न बघता कळलं.

"दादा," ती हळूच म्हणाली, "या वेळी हो-नाही तू म्हणायचं नाहीस. ते माझं मी म्हटलंय. तू नुसता पंखा धर."



"धरलाय," दादा म्हणाला.

एक बोल्ट, मग त्याच्या बरोबर समोरचा, मग कडेचा, मग त्याच्या समोरचा. थोडं थोडं, फेरीफेरीने. प्रत्येक टक् आला की अप्पा मान डोलवत. मग नवी तार ओवली, पिळली, टोपी बसवली. धाकट्याने दार लावलं. एकटाच काम करत असल्यासारखा तो सारखं सगळ्यांना आपलं दार किती घट्ट मिटतंय ते दाखवत होता. मास्तरांनी इंजिन चालू करून पाहिलं, बंद केलं, टोपी काढून तारा पुन्हा तपासल्या, टोपी पुन्हा लावली आणि सही केली. पक्कडीचे हात मनगटापर्यंत काळे झाले होते.

वहिनीने हिरव्या रंगाचा डबा आणला. पक्कडीने ब्रशला हात घातला, तोच दादाने ब्रशसकट डबा उचलला. त्याने डबा धाकट्याच्या हातात दिला. तपासल्याशिवाय मी ठिपका लावत नाही, एवढं म्हणून तो विमानाकडे निघाला.

एक गोष्ट सांगायची राहिली. या घरातलं कुणी कधी विमानात बसून उडालं नव्हतं. पंखा पोचवायला गेली होती त्या एका दिवशीची पक्कड सोडली तर. दादाची तर शिडीवरसुद्धा गाळण उडायची. कोठारातल्या वरच्या फळीवरचं काही लागलं की तो कुणालातरी हाक मारायचा. मास्तर म्हणाले, पंखा नव्याने चढवल्यावर पहिल्यांदा मी एकटा जाऊन येतो. दादाने ऐकलंच नाही. आत चढून त्याने पट्टा कुठे असतो ते विचारलं आणि समोर बघत बसून राहिला.

विमान फाटकातून बाहेर पडलं. आत आलेलं विमान स्वतःच्या पायांनी बाहेर जाताना त्या फाटकाने विचार बदलून उडून गेलेल्या त्या मालकानंतर पहिल्यांदाच पाहिलं असेल. धावपट्टीवर आवाज वाढला, चाकं सुटली, आणि अप्पा विचारत राहिले, उडालं का, उडालं का. उडालं, असं वहिनीने सांगितलं आणि त्यांचा हात घट्ट धरला.

एक चक्कर झाली. आता उतरतील, असं पक्कडीला वाटलं. उतरले नाहीत. दुसरी चक्कर सुरू झाली. वर जागा केवढीशी, दोघं खांद्याला खांदा लावून बसलेले, आणि उठून जायची सोय नाही. काय बोलत असतील? दादा विचारत असेल, तुमचं काय चालतं, कसं चालतं. की सांगत असेल, मास्तर, तुम्ही चांगले आहात, पण आमची अडचण समजून घ्या. दोनदा त्याने हेच गोड शब्दांत सांगितलं होतं. आणि मास्तर इतके भले की समजून घेतील, तीच तर भीती. धाकटा जवळ येऊन उभा राहिला आणि, मी वर्षभर म्हणालो ते उगाच, म्हणाला. तिने त्याच्या पाठीवर थाप मारली; सदऱ्यावर काळा पंजा उमटला.

तिसरी चक्कर आवाराच्या बरोबर वरून गेली. मग विमान खाली आलं, चालत चालत फाटकाशी येऊन थांबलं, आणि पंखा थांबेपर्यंत कुणी जागचं हललं नाही.

दादा उतरला. चेहरा पांढराफटक. दोन पावलं चालला आणि विमानाच्या पंखाला धरून उभा राहिला. वहिनी पुढे झाली, त्याने हाताने थांबवलं. त्याची नजर पक्कडीला शोधत होती.

"वरून आपलं कोठार काडेपेटीएवढं दिसतं गं," तो म्हणाला. "मी त्यांना परत फिरवायला सांगितलं, म्हटलं, चुकून दुसरंच काही दाखवत असाल. तेच होतं. एवढंसं. आणि त्याच्यासाठी मी तुला इतकी वर्षं..."

 पक्कडीने त्याला मिठी मारली, काळ्या हातांसकट. दादा रडला, आणि या घरात दादाला रडताना पाहिलेलं कुणी नसल्यामुळे काय करायचं ते कुणालाच सुचेना. वहिनीला तेवढं सुचलं. ती चहा आणायला गेली.

मग दादाने नाक पुसलं आणि धाकट्याकडून डबा घेतला. ब्रश बुडवला, कडेला निथळवला. पंख्याच्या टोपीवर ठिपका पडणार म्हणून सगळे तिकडे बघत होते. दादा टोपीवरून पुढे गेला. त्याने मास्तरांचा उजवा हात आपल्या हातात घेतला, अंगठा सरळ केला, आणि नखावर मधोमध एक हिरवा ठिपका लावला.

"तपासला," दादा म्हणाला.

मास्तर अंगठ्याकडे बघत राहिले. पुसला जाईल म्हणून त्यांनी तो हात अंगापासून लांब धरला होता, आणि दुसरा हात पक्कडीच्या काळ्या हातात होता. मागे दार मिटल्याचा घट्ट आवाज आला. अप्पा पुढच्या सीटवर चढून बसले होते आणि वाढदिवस कुणाचा आहे, असं विचारत पट्टा शोधत होते.